ड्रेसिंग करताना डायमंड ड्रेसरची झीज कशी कमी करावी

ग्राइंडिंग व्हीलचे ड्रेसिंग करताना, म्हणजे हिरा बसवलेल्या ड्रेसरने व्हीलचा बोथट थर काढताना, हिरा झिजणारच, आणि तो मुळीच झिजू नये अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. परंतु टाकून दिलेले ड्रेसर एकदा भिंगाखाली धरून पाहावेत. त्यांतले कितीतरी हिरे झिजून संपलेले नसतात. कुठे टोकाचा टवका उडालेला असतो, कुठे उभा तडा गेलेला असतो, कुठे हिरा सेटिंगमधून, म्हणजे त्याला धरणाऱ्या धातूतून, निखळलेला असतो, आणि कुठे एकाच बाजूला मोठा सपाट भाग पडून उरलेला सगळा हिरा हात न लागल्यासारखा तसाच असतो. म्हणजे ज्याला आपण सरसकट झीज म्हणतो, तिच्यातला मोठा वाटा उष्णतेचा, धक्क्याचा आणि एकाच टोकावर काम रेटत राहण्याचा असतो. घर्षणाने होणारी खरी झीज थांबवता येत नाही. बाकीचे नुकसान मात्र थांबवता येते, आणि त्यासाठी नवे यंत्र किंवा महाग हिरा लागत नाही.

हिरा कशाने खराब होतो

कठीणता मोजण्याच्या नूप पद्धतीत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची कठीणता सुमारे २१००, सिलिकॉन कार्बाइडची सुमारे २५०० आणि हिऱ्याची ७००० च्या वर भरते. एवढा फरक असताना व्हीलचा ग्रेन, म्हणजे घासणारा कण, हिऱ्याला ओरखडून काढू शकेल असे वाटत नाही. प्रत्यक्षात हिऱ्याचे टोक सेकंदाला तीसेक मीटर वेगाने येणाऱ्या हजारो ग्रेनवर घासते आणि आदळते, त्या बिंदूवर तापमान झपाट्याने चढते, आणि हवेत साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे हिऱ्याचा कार्बन ऑक्सिजनशी संयोग पावू लागतो. तापलेल्या लोखंडाच्या सान्निध्यात कार्बनची ही हानी आणखी सहज होते. त्यामुळे व्हीलच्या छिद्रांत लोखंडाचा कीस भरलेला असताना त्यावर थेट हिरा लावणे दुहेरी नुकसानीचे ठरते.

दुसरी गोष्ट स्फटिकाच्या रचनेची आहे. हिरा अत्यंत कठीण असला तरी चिवट नाही. अष्टफलकाच्या पृष्ठांना समांतर अशा चार दिशांच्या पातळ्यांवर तो सहज दुभंगतो. जवाहिरे हिरा फोडतात तो याच पातळ्यांवर, आणि सैल धरलेला ड्रेसर व्हीलच्या कडेवर आपटला की तोच प्रकार नकळत घडतो. दाब सावकाश आणि सतत असेल तर हिरा पुष्कळ सोसतो. ठोका बसला की मात्र तो फुटतो.

तिसरे कारण उष्णतेच्या वहनाचे आहे. हिऱ्याची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे पाचपट असल्यामुळे टोकाची उष्णता लगेच मागच्या ब्रेझिंगमध्ये (हिरा जोडणाऱ्या धातूत) आणि शँकमध्ये (ड्रेसरच्या दांड्यात) उतरते. सेटिंग पक्के असेल तर हे उपकारक आहे. ते सैल झाले असेल, तर उष्णतेला वाट राहत नाही आणि टोक तापतच राहते. म्हणून हिरा बोटाला किंचितही हललेला जाणवला, तर तो ड्रेसर त्याच क्षणी बाजूला काढावा.

कामाला योग्य असा ड्रेसर

सिंगल-पॉइंट, म्हणजे एकाच हिऱ्याचा, ड्रेसर घेताना लहान हिरा स्वस्त पडतो म्हणून तो निवडण्याचा मोह होतो. लहान हिऱ्यात उष्णता सामावून घेण्याची क्षमता कमी असते आणि त्याला धरून ठेवणारा धातूही कमी असतो. ढोबळ अंदाज म्हणून २०० मिमी व्यासापर्यंतच्या व्हीलला पाव ते एक-तृतीयांश कॅरट, ३०० ते ३५० मिमीच्या व्हीलला अर्धा ते पाऊण कॅरट आणि ५०० मिमीच्या आसपास एक ते दीड कॅरट धरावे. व्हील रुंद असेल, ग्रेन जाड असेल किंवा ग्रेड (ग्रेन धरून ठेवण्याची पकड) कडक असेल, तर एक पायरी वर जावे. उत्पादकाचा तक्ता हाताशी असेल तर तोच प्रमाण मानावा. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा आपण किती बारीकशा वस्तूवर केवढा भार टाकतो हे लक्षात येईल.

कोणत्या व्हीलवर काम आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. सिलिकॉन कार्बाइडचे व्हील अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या व्हीलपेक्षा हिरा लवकर खाते. सिरॅमिक ग्रेनची व्हील तर सिंगल-पॉइंट हिऱ्याला फारच जड जातात. त्यांच्यासाठी मल्टि-पॉइंट (अनेक हिऱ्यांचा), ब्लेड (पातळ पट्टीचा) किंवा रोटरी (स्वतः फिरणारा) ड्रेसर वापरणे योग्य. आणि डायमंड किंवा सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड) ग्रेनच्या व्हीलवर सिंगल-पॉइंट हिरा कधीच चालवू नये. तिथे दोन्ही बाजूंनी सारख्याच तोलाचे कठीण पदार्थ समोरासमोर येतात, आणि महागड्या व्हीलबरोबर ड्रेसरही वाया जातो. अशा व्हीलसाठी फिरणाऱ्या सिलिकॉन कार्बाइड व्हीलने ट्रूइंग (व्हील अचूक गोल) करण्याची किंवा रोटरी ड्रेसरची पद्धत आहे.

नवे व्हील बसवल्यावर त्याची वर्तुळातली चूक काढणे हे सर्वांत धक्क्याचे काम असते, कारण प्रत्येक फेरीत व्हीलचा उंच भाग हिऱ्यावर येऊन आदळतो. हे काम मल्टि-पॉइंट ड्रेसरने करावे आणि चांगला सिंगल-पॉइंट हिरा शेवटच्या बारीक पासेससाठी (व्हीलवरून हिरा एकदा नेणे म्हणजे एक पास) राखून ठेवावा. त्याआधी व्हीलचे स्टॅटिक बॅलन्सिंग (न फिरवता वजनाचा तोल साधणे) झालेले असावे, आणि पहिल्या ट्रूइंगनंतर ते पुन्हा करावे. असंतुलित व्हीलचे कंपन जॉबवर (घासल्या जाणाऱ्या वस्तूवर) चॅटरच्या, म्हणजे लहरींसारख्या, खुणा म्हणून दिसते. हिऱ्यावर तेच कंपन बारीक बारीक टवक्यांच्या रूपाने उमटते.

ड्रेसर कसा धरावा

माझ्या मते हिऱ्याच्या आयुष्याचा निर्णय इथेच होतो, आणि नेमके याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

सिंगल-पॉइंट ड्रेसरचा शँक व्हीलच्या केंद्राकडे सरळ रोखलेला नसावा. केंद्राकडे जाणाऱ्या रेषेशी त्याचा १० ते १५ अंशांचा कोन असावा, आणि हिऱ्याचे टोक व्हील ज्या दिशेने फिरते त्या दिशेला झुकलेले असावे. कागदावर पेन्सिल तिरपी धरून मागे ओढली तर टोक सुखाने चालते आणि तीच पुढे ढकलली तर टोक कागदात रुतून मोडते. हिऱ्याचेही तसेच आहे. व्हीलने हिऱ्यावरून सरकत पुढे निघून जावे, हिऱ्याने व्हीलमध्ये शिरू नये.

सिलिंड्रिकल ग्राइंडरवर व्हीलचा समोरचा भाग खाली जात असेल, तर ड्रेसरचे टोक १० ते १५ अंश खाली झुकवावे आणि ते व्हीलच्या मध्यरेषेवर किंवा तिच्या किंचित खाली टेकेल असे लावावे. सरफेस ग्राइंडरवर मॅग्नेटिक चकवर होल्डर ठेवताना हिरा व्हीलच्या अगदी खालच्या बिंदूखाली न ठेवता, ग्रेन जिथून बाहेर पडतात त्या बाजूला पाच-सहा मिमी सरकवून ठेवावा. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. घर्षणाच्या ओढीने होल्डर जरासा सरकला किंवा वाकला, तर या मांडणीत हिरा व्हीलपासून दूर जातो. उलट बाजूला ठेवलेला हिरा मात्र ओढला जाऊन व्हीलच्या खाली अधिकाधिक अडकतो, आणि मग हिरा, व्हील आणि माणूस या तिघांनाही धोका निर्माण होतो.

शँक होल्डरमध्ये पूर्ण बसलेला असावा आणि बाहेर कमीत कमी लांबी राहावी. शँकच्या व्यासाच्या दुपटीहून अधिक भाग बाहेर लोंबकळत असेल, तर तो स्प्रिंगसारखा कंप पावू लागतो. शँक पकडणारा स्क्रू घट्ट असावा आणि होल्डरच्या तळाशी कीस किंवा चिखल नसावा. मॅग्नेटिक चकवर होल्डर ठेवण्याआधी चक आणि तळ दोन्ही पुसावेत, आणि चुंबक चालू केल्यावर होल्डर हाताने हलवून पाहावा. हे सगळे सांगण्याची गरज नसावी असे वाटते, तरी फुटलेल्या हिऱ्यांचे कारण शोधायला बसलो की बहुतेक वेळा शोध सैल स्क्रूपाशीच थांबतो.

शँक फिरवण्याचा नियम

तिरप्या मांडणीचा दुसरा मोठा लाभ असा की तिच्यात शँक स्वतःभोवती फिरवला की व्हीलसमोर हिऱ्याची नवी कड येते. एका जागी काम करून हिऱ्यावर सपाट भाग पडला, की शँक साधारण ३० ते ४५ अंश फिरवावा. आता जुन्या सपाट भागाची धार हीच नवे टोक म्हणून काम करते. असे करत पूर्ण फेरी झाली की हिऱ्याला आपोआप शंकूसारखा आकार राहतो आणि तो दीर्घकाळ टोकदार राहतो. शँक केंद्राकडे सरळ रोखलेला असेल, तर तो कितीही फिरवला तरी तोच सपाट भाग त्याच ठिकाणी गोल फिरत राहतो. शँक फिरवूनही फरक पडत नाही अशी तक्रार असेल, तेव्हा आधी कोन तपासावा.

फिरवण्याचे वेळापत्रक ठरलेले असावे. रोज बरेच ड्रेसिंग होत असेल तर प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला, एरवी आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी. सपाट भाग पाऊण मिलिमीटरपर्यंत रुंदावेपर्यंत थांबू नये. शँकच्या मागच्या टोकावर आठ खुणा कोराव्यात किंवा रंगाचा एक ठिपका द्यावा, म्हणजे मागच्या वेळी कुठे होतो याचा अंदाज घ्यावा लागत नाही. फिरवल्यानंतरचे पहिले एक-दोन पास अगदी हलके द्यावेत, कारण समोर आलेली कड तीक्ष्ण आणि म्हणून नाजूक असते.

बोथट हिरा तसाच चालवत ठेवला तर नुकसान केवळ हिऱ्याचे होत नाही. सपाट हिरा ग्रेन फोडत नाही, त्यांची डोकी घासून गुळगुळीत करतो. असे व्हील लवकर ग्लेझ (चकचकीत आणि बोथट) होते, जॉब जळतो, ऑपरेटर पुन्हा ड्रेसिंग करतो, आणि त्या जादा ड्रेसिंगने हिरा आणखी सपाट होतो. हे चक्र एकदा सुरू झाले की दोष व्हीलच्या ग्रेडला दिला जातो.

कूलंट: एक तर पूर्ण, नाही तर मुळीच नाही

कूलंटचा, म्हणजे काम थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, नियम थोडक्यात सांगता येतो. ओले ड्रेसिंग करायचे असेल, तर हिरा व्हीलला टेकण्याआधी कूलंट सुरू झालेले असावे, त्याचा झोत नेमका स्पर्शबिंदूवर पडत असावा, आणि हिरा व्हीलपासून दूर होईपर्यंत तो अखंड राहावा. व्हीलबरोबर फिरणारा हवेचा थर बारीक धारेला बाजूला फेकतो, म्हणून नोझल जवळ आणणे आणि धारेला पुरेसा जोर असणे आवश्यक आहे. रुंद व्हीलवर हिरा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकतो आणि नोझल मात्र मध्यावर स्थिर असते, ही चूक फार ठिकाणी दिसते. अशा वेळी नोझल ड्रेसरच्या होल्डरवरच बसवावे.

सर्वांत घातक प्रकार मधल्या अवस्थेचा आहे. कोरड्या पासने तापलेल्या हिऱ्यावर अचानक कूलंट सोडले, किंवा धार थांबत-थांबत पडत राहिली, तर टोक क्षणात तापते आणि क्षणात निवते, आणि त्या ताणाने हिऱ्याला सूक्ष्म तडे जातात. ते त्या दिवशी दिसत नाहीत. पुढे कधीतरी साध्या पासमध्ये तुकडा उडतो आणि कारण सापडत नाही. कोरडे ड्रेसिंग करणे भाग असेल, तर ते पूर्ण कोरडेच करावे, पासची खोली कमी ठेवावी, आणि दर दोन-तीन पासनंतर हिरा हवेत आपोआप निवू द्यावा. तो पाण्यात बुडवू नये. कोरड्या ड्रेसिंगची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते, तेव्हा धूळ खेचणारी यंत्रणा आणि मास्क हवेतच. डोळ्यांना गॉगल तर दोन्ही पद्धतींत हवा.

कूलंट गाळलेले असावे. त्यात तरंगणारे सुटे ग्रेन मल्टि-पॉइंट ड्रेसरमधल्या हिऱ्यांभोवतीचा धातू झिजवतात, आणि आधार सुटलेले हिरे पूर्ण वापरले जाण्याआधीच गळून पडतात.

खोली आणि सरकण्याचा वेग

येथे दोन्ही टोकांच्या चुका होतात, आणि हलक्या हाताने केलेली चूक अधिक लपून राहते.

एका पासची खोली साधारण ०.०१ ते ०.०२५ मिमी असावी. ०.०३ मिमीच्या वर गेल्यास टोकावरचे बल आणि उष्णता झपाट्याने वाढते, आणि वेळ वाचला असे वाटत असताना हिरा जातो. हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु हिरा वाचावा म्हणून ०.००५ मिमीचे वीस पास देणारा माणूसही त्याचे नुकसानच करतो. व्हीलवरून ०.१ मिमीचा थर काढायचा असेल, तर ०.०२ मिमीचे पाच पास पुरतात. त्याऐवजी वीस पास दिले तर हिरा चौपट अंतर घासतो. शिवाय इतक्या उथळ पासमध्ये ग्रेन फुटत नाही, नुसता घासला जातो, आणि हिऱ्याला घासणे हे फोडण्यापेक्षा महाग पडते. शेवटचा एखादा पास बारीक द्यावा, सगळेच देऊ नयेत. खोली न देता व्हीलवरून वारंवार हिरा नेत राहण्याची सवय मोडावी. त्याने व्हीलचा पृष्ठभाग बुजून गुळगुळीत होतो आणि हिरा विनाकारण तापतो.

सरकण्याच्या वेगाचा हिशेब एकदा कागदावर मांडला की मनातून जात नाही. ३५० मिमी व्यासाचे आणि ४० मिमी रुंदीचे व्हील सेकंदाला ३३ मीटर वेगाने चालत असेल, तर त्याचे फेरे मिनिटाला सुमारे १८०० होतात, आणि एका फेऱ्यात हिऱ्याखालून जवळजवळ १.१ मीटर लांबीचा परीघ जातो. हिरा प्रत्येक फेऱ्याला ०.२ मिमी सरकत असेल, तर ४० मिमी रुंदी पार करायला २०० फेरे लागतात, म्हणजे एका पासमध्ये हिरा सुमारे २२० मीटर घासला. चांगल्या फिनिशच्या आशेने तोच वेग चौथ्या हिश्श्यावर आणला, तर फेरे ८०० होतात आणि हेच अंतर ८८० मीटर होते. पाच पासचे मिळून एकीकडे १.१ किलोमीटर आणि दुसरीकडे ४.४ किलोमीटर. व्हीलमधून निघालेला माल मात्र दोन्हीकडे तेवढाच.

मग योग्य वेग कसा ठरवावा? हिऱ्याच्या टोकाची व्हीलला टेकणारी रुंदी भागिले एका फेऱ्यातले सरकणे, या गुणोत्तराला ओव्हरलॅप रेशो म्हणतात. रफ कामाला ते २ ते ३, मध्यम कामाला ३ ते ४ आणि फिनिशिंगला ४ ते ६ ठेवावे. वरच्या उदाहरणात टोक ०.६ मिमी रुंद असेल आणि गुणोत्तर ३ हवे असेल, तर सरकणे फेऱ्याला ०.२ मिमी येते; १८०० फेऱ्यांनी गुणले की टेबलचा वेग मिनिटाला ३६० मिमी ठरतो. ४० मिमीचा एक पास सात सेकंदांच्या आत संपतो. घड्याळ लावून पाहिले, तर अनेक ठिकाणी हाच पास अर्धा मिनिट चाललेला आढळतो. ताळा म्हणून इतकेच पाहावे की एका फेऱ्यातले सरकणे ग्रेनच्या आकाराहून मोठे होऊ नये. ४६ नंबरचा ग्रेन सुमारे ०.३५ मिमी, ६० नंबरचा सुमारे ०.२५ मिमी आणि ८० नंबरचा सुमारे ०.१८ मिमी असतो. त्याहून जास्त सरकले तर व्हीलवर स्क्रूच्या आट्यांसारखी रेघ पडते आणि ती जॉबवर उमटते.

हिरा जसा रुंदावतो तसे वेग न बदलताही हे गुणोत्तर वाढत जाते. टोक ०.६ चे १ मिमी झाले की तोच वेग रफऐवजी फिनिश ड्रेसिंगचा होतो आणि व्हील बोथट निघते. अशा वेळी टेबलचा वेग वाढवून तात्पुरती बरोबरी साधता येते, पण टोकावरचे बल आणि उष्णता वाढलेलीच राहते. खरा उपाय शँक फिरवणे हाच आहे.

सरकण्याची गती पूर्ण पासभर एकसारखी असावी. हाताने चाक फिरवून ड्रेसिंग करणाऱ्याचा हात कडेजवळ अभावितपणे थबकतो, आणि त्या क्षणी हिरा एकाच रेषेत घासत राहतो. दोन्ही कडांना हिरा व्हीलच्या बाहेर पूर्ण निघून गेल्यावरच पुढची खोली द्यावी.

पहिला स्पर्श

ग्राइंडिंग करताना व्हीलच्या कडा आधी झिजतात, त्यामुळे मधला भाग सहसा उंच राहतो. हिरा कडेला टेकवून तिथे शून्य धरले आणि पास सुरू केला, तर मध्यावर पोहोचताना तो ठरवलेल्या खोलीच्या कितीतरी पट खोल घुसतो. म्हणून हिरा व्हीलच्या सर्वांत उंच भागासमोर आणावा, फिरत्या व्हीलकडे अतिशय सावकाश न्यावा, आवाज येताच थांबावे, आणि तिथून शून्य धरावे. ज्या यंत्रावर आवाजावरून स्पर्श ओळखणारा अकूस्टिक सेन्सर आहे तिथे हे आपोआप होते. तो बसवण्याचा खर्च मोठ्या हिऱ्यांच्या बाबतीत सार्थकी लागतो.

कड तीक्ष्ण असेल तर हिऱ्याआधी सिलिकॉन कार्बाइडच्या स्टिकने ती हलकेच मोडून घ्यावी, म्हणजे बाहेरून आत येताना हिऱ्याला भिंतीसारखा आघात बसत नाही. व्हील लोखंडाच्या किसाने भरलेले असेल तर तेही आधी स्टिकनेच साफ करावे. हे काम करताना हात आणि टेकू दोन्ही पक्के हवेत आणि गार्ड जागेवर हवा.

गरजेपेक्षा अधिक ड्रेसिंग

वरची सगळी पथ्ये पाळूनही हिरे लवकर संपत असतील, तर आपण ड्रेसिंग किती वेळा आणि किती करतो हे तपासावे. दर दहा नगांनंतर ड्रेसिंग करण्याची पद्धत अनेकदा कोणा जुन्या जॉबसाठी ठरलेली असते आणि जॉब बदलला तरी तशीच चालू राहते. नगांची संख्या टप्प्याटप्प्याने वाढवत जावी, प्रत्येक टप्प्यावर माप, पृष्ठभाग आणि स्पिंडल मोटरचा भार पाहावा, आणि जिथे यांपैकी एकही बिघडू लागतो तिथून थोडे मागे येऊन नवा आकडा ठरवावा. एका वेळी काढायचा थरही असाच ठरवावा. व्हीलचा बोथट थर निघाला आणि आवाज पूर्ण रुंदीवर एकसारखा आला, की थांबावे. त्यापुढचा प्रत्येक पास धारदार ग्रेन टाकून देण्यासाठी हिरा खर्च करतो.

दर वेळी बरेच ड्रेसिंग लागतच असेल, तर प्रश्न ड्रेसरचा नसून व्हीलचा आहे. फार कडक ग्रेडचे व्हील स्वतःहून धार काढत नाही आणि तो भार हिऱ्यावर पडतो. एक ग्रेड मऊ व्हील वापरून पाहणे हा हिरा वाचवण्याचा खात्रीचा मार्ग ठरू शकतो.

मल्टि-पॉइंट, ब्लेड आणि रोटरी ड्रेसर

मल्टि-पॉइंट ड्रेसर तिरपा लावू नये. त्याचा चेहरा व्हीलला पूर्ण टेकला पाहिजे, तरच भार सर्व हिऱ्यांत वाटला जातो. नवा ड्रेसर सुरुवातीला हलक्या पासने चालवून त्याचा चेहरा व्हीलच्या गोलाईशी जुळवून घ्यावा. हिरे उघडे पडण्याआधीच खोल पास दिला तर आधारधातू व्हीलवर घासून तापतो. ब्लेड ड्रेसर व्हीलच्या केंद्राकडे सरळ रोखावा. त्याचा मोठा गुण असा की तो झिजत गेला तरी त्याची टेकणारी रुंदी फारशी बदलत नाही, म्हणून एकदा बसवलेला वेग अखेरपर्यंत चालतो.

रोटरी ड्रेसरमध्ये झीज परिघावरच्या असंख्य हिऱ्यांत विभागली जाते. तिथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. रोलचा (फिरणाऱ्या ड्रेसरचा) रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, काही मायक्रॉनच्या आत असावा, नाही तर एकाच बाजूचे हिरे सगळे काम करतात. आणि रोल थांबलेला असताना तो व्हीलला कधीही टेकू देऊ नये. दोन्ही पृष्ठभाग स्पर्शाच्या जागी एकाच दिशेने जात असतील आणि रोलचा परिघवेग व्हीलच्या परिघवेगाच्या ०.४ ते ०.८ पट असेल, तर व्हील धारदार निघते. वेग बरोबरीला पोहोचला की ग्रेन चिरडले जाऊ लागतात आणि रोल व बेअरिंगवरचा दाब वाढतो. खोली व्हीलच्या एका फेऱ्याला साधारण अर्धा ते एक मायक्रॉन ठेवावी.

तपासणी आणि रिसेटिंग

प्रत्येक ड्रेसरला क्रमांक द्यावा आणि त्याच्याबरोबर एक कार्ड ठेवावे. त्यावर बसवल्याची तारीख, कोणत्या व्हीलवर, किती ड्रेसिंग झाले, शँक केव्हा फिरवला आणि सपाट भागाची रुंदी किती, एवढ्याच नोंदी पुरेत. दहापट मोठे दाखवणारे भिंग यासाठी पुरेसे असते. काही महिन्यांत या कार्डांवरून कोणत्या यंत्रावर हिरे लवकर जातात हे उघड होते, आणि मग त्या यंत्राचे नोझल, कोन किंवा स्पिंडल बेअरिंग तपासता येते.

चांगल्या नैसर्गिक हिऱ्याला एकाहून अधिक वापरण्याजोगी टोके असतात. एक टोक संपले की तो सेटिंगमधून काढून, दुसरे टोक पुढे आणून पुन्हा बसवता येतो. यासाठी अट एवढीच की तो वेळेत बाहेर काढलेला असावा. झीज सेटिंगच्या धातूला लागेपर्यंत ड्रेसर चालवला, तर हिऱ्याला धरणारा आधार जातो आणि उरलेला हिरा कूलंटच्या टाकीत हरवतो. म्हणून सपाट भाग शँक फिरवूनही कमी होईनासा झाला, किंवा धातूची कड व्हीलपासून अर्ध्या मिलिमीटरवर आली, की तो ड्रेसर रिसेटिंगच्या डब्यात टाकावा आणि डबा भरण्याची वाट न पाहता ठरलेल्या तारखेला पाठवावा. परत आलेल्या ड्रेसरची नोंद नव्या कार्डावर न करता जुन्याच कार्डावर पुढे चालू ठेवावी, म्हणजे एका हिऱ्याने एकूण किती काम दिले हे कळते आणि पुढच्या खरेदीच्या वेळी मोठा हिरा घ्यावा की लहान, याचे उत्तर त्या कार्डावरून मिळते.